बायजा जौजे धोंडबा

प्रेमिला चहांदेला नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या अभिलेख कार्यालयात नोकरी लागली, तेव्हा तिच्या वडिलांना त्या नोकरीचं नाव काही सांगता येईना. इंदोऱ्याच्या चौकात कोणी विचारलं की धोंडबा म्हणत, "पोरगी दवाखान्यात हाये. माणसाइच्या नाही, कागदाच्या."

आणि ते काही खोटं नव्हतं. पहिली पाच वर्षं तिने दुसरं काही केलंच नाही. भोसल्यांच्या काळातले, इंग्रजांच्या काळातले, कसरीने चाळण केलेले कागद तिच्या टेबलावर यायचे. ती ते ओल्या टीपकागदावर अंथरायची, सुरकुत्या मऊ कुंचल्याने काढायची, मैद्याच्या खळीत मोरचूद घालून ती पातळ खळ फिरवायची आणि वर जाळीदार शिफॉन बसवायची. दुसऱ्या दिवशी वाळलेलं पान हातात घेताना तिला दरवेळी बरं वाटायचं. काल हात लावला तर भुगा होणारी गोष्ट आज उचलता येत होती.

मोडी तिला वामनरावांनी शिकवली. वामनराव म्हणजे तिथले मुख्य अभिलेखपाल. महाल भागात राहायचे, धोतर-कोट घालून सायकलवर यायचे आणि जेवणाच्या सुट्टीत पाटी घेऊन बसायचे. मॅट्रिक झालेली, गिरणी कामगाराची मुलगी मोडी शिकते आहे, याचं इतरांना नवल वाटायचं. वामनरावांना नाही. त्यांना फक्त तिचा 'र' नीट वळत नाही याचा राग यायचा. त्यांचा नियम एकच होता. जुने कागद कापडात बांधून ठेवलेले असायचे, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. "रुमाल सोडला की आधी पानांवर आकडे टाकायचे, वाचायचं मागून," वामनराव सांगत. "आकडा नसलेलं पान कोणी पळवलं, तर ते कधी होतं हेही सिद्ध करता येत नाही."

नोकरी करता करता ती बी. ए. झाली, साहाय्यक अभिलेखपाल झाली. धाकट्या भावांची शिक्षणं, लग्नं झाली आणि तिचं लग्न मागे पडत पडत राहूनच गेलं. १९७८ साली ती बत्तीस वर्षांची होती आणि आईवडिलांजवळ इंदोऱ्यातच राहत होती.

त्या साली मार्चमध्ये गृहखात्याची एक परवानगी आली. अर्ज रविंद्रचा होता.

रविंद्र दोन गल्ल्या सोडून राहायचा, कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्याचे वडील नत्थूजी चव्वेचाळीस सालच्या फेब्रुवारीत गिरणीच्या संपात पोलिसांच्या गोळीने गेले. महागाई भत्त्यासाठी तो संप होता. सकाळी मोर्चा निघाला, फाटकापाशी गोळी चालली, तीन माणसं मेली. पहिले नत्थूजी. रविंद्र तेव्हा आईच्या पोटात होता. तो जन्मला तेव्हा त्याच्या आईला, इंदूबाईला, दूधच उतरलं नाही. तेव्हा प्रेमिलाच्या आईने, बायजाबाईने, आपल्या तान्ह्या पोरासोबत त्यालाही अंगावर पाजून वाढवलं. म्हणून रविंद्र तिला मोठी माय म्हणायचा. साऱ्या वस्तीला हे माहीत होतं.

धोंडबांची गोष्टही साऱ्या वस्तीला माहीत होती. संपाचे पुढारी दोन, नत्थूजी आणि धोंडबा. मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी पोलिसांनी टिमकी मोहल्ल्यातल्या एका घरातून धोंडबांना उचललं. कोण फितूर झाला ते कधी निघालं नाही. ते सात महिने तुरुंगात होते. दर फेब्रुवारीला वस्तीत हुतात्म्यांची सभा व्हायची, तिथे धोंडबा हार घालून घेत आणि सांगत, "मले आदल्या दिवशी धरलं नसतं तं पहिली गोळी माह्या छातीत असती." लोक टाळ्या वाजवत. बायजाबाई त्या सभेला कधी जायची नाही. तिला गर्दी सोसत नाही, असं घरात सगळे समजत.

रविंद्रला त्या संपावर पुस्तक लिहायचं होतं. पोलिसांच्या गुप्त शाखेचा रुमाल पाहायला मिळावा म्हणून त्याने अर्ज केला होता आणि परवानगी यायला चौदा महिने लागले होते. वामनरावांनी गुरुवारी सकाळी तो रुमाल प्रेमिलाच्या टेबलावर ठेवला.

"सोमवारी साडेअकराला येणार आहे तो. फाटकी पानं सांधून, आकडे घालून तयार ठेवा."

तिने गाठ सोडली. चौतीस वर्षांत कोणी ती सोडली नव्हती, कापडाच्या घडीत जुनी धूळ रेघेसारखी बसली होती. ती पेन्सिलीने एकेका पानाच्या कोपऱ्यात आकडे घालत गेली. एकोणचाळिसाव्या पानावर, इंग्रजीत टाइप केलेल्या अहवालात तिला 'धोंडबा' दिसलं.

दहा वर्षांत तिने वामनरावांचा नियम पहिल्यांदा मोडला. ती वाचू लागली. संपाचा सर्वांत धोकादायक माणूस, असं इंग्रज अधिकाऱ्याने तिच्या वडिलांबद्दल लिहिलं होतं. त्यांच्या शब्दावर चार हजार माणसं काम टाकतात, असं लिहिलं होतं. प्रेमिलाला हसू आलं. हे बाबांना वाचून दाखवायचं, रविवारी, जेवण झाल्यावर, असं तिने मनात ठरवून टाकलं. तिने चाळिसावर आकडा घातला आणि पान उलटलं.

पुढचे दोन कागद मराठीत होते, मुन्शीच्या तिरप्या अक्षरात. वर लिहिलं होतं, जबाब. खाली, 'बायजा जौजे धोंडबा, जात महार, वय अंदाजे चोवीस, काम गिरणीच्या रीळखात्यात.' जौजे म्हणजे बायको. हा शब्द तिने शेकडो कागदांत वाचला होता.

'माझा नवरा धोंडबा आज दुपारपासून टिमकीत माझ्या मामेभावाच्या घरी लपून आहे. घर कडुलिंबाच्या झाडाजवळ आहे. उद्या सकाळी तो तेथूनच मोर्चात जाणार. त्यास आजच धरावे. मी आपल्या खुशीने सांगत आहे. माझ्यावर कोणी जबरी केली नाही.' खाली अंगठा. त्याखाली फौजदाराचा शेरा: 'बाई आपणहून ठाण्यात आली. उद्या गोळी चालणार हे तीस कोठून कळले ते सांगत नाही. बक्षीस घेण्यास नकार दिला. नवऱ्यास मारू नये एवढीच विनंती केली, ती मान्य केली. ही गोष्ट कोणाजवळ न बोलण्याची ताकीद दिली.'

अंगठ्याच्या ठशात एक आडवी पांढरी रेघ होती. रिळाच्या यंत्रात आईचा अंगठा फाटला होता, त्याची ती खूण. ती खूण प्रेमिला जन्मापासून पाहत आली होती. तिने जबाब पुन्हा वाचला. मग तारीख वाचली, वेळ वाचली. संध्याकाळी पाच. तिसऱ्यांदा वाचताना तिला अक्षरं दिसत होती पण त्यांचे शब्द होत नव्हते.

हातातली पेन्सिल तशीच होती. एकेचाळीस आणि बेचाळीस हे आकडे अजून पडायचे होते.

ती उठली, मागच्या खोलीत गेली. तिथे कागदांना थायमॉलची धुरी देण्याचं कपाट होतं आणि त्या उग्र वासामुळे तिकडे कोणी फिरकायचं नाही. ती स्टुलावर बसली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही आलं नाही. बाबांना आईने धरून दिलं, एवढंच एक वाक्य डोक्यात फिरत होतं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं. दोन पानं. आकडा नसलेली.

अर्ध्या तासाने ती ते दोन कागद घेऊन वामनरावांसमोर उभी राहिली.

वामनरावांनी चष्मा पुसला, वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की प्रेमिलाला त्यांचीच काळजी वाटली.

"ही तुमची आई?"

"हो, सर."

"बसा." त्यांनी दोन्ही कागद टेबलावर जुळवून ठेवले. "हा रुमाल मी दुसऱ्या कोणाकडे देतो. तुम्ही सोमवारी रजा घ्या."

"सर, पानांवर आकडे नाहीत अजून."

वामनरावांनी तिच्याकडे पाहिलं. "काढायची म्हणता?"

"म्हणत नाही. तसं मनात आलं होतं, म्हणून सांगून राहिली आहे."

"माझ्याही आलं असतं," वामनराव म्हणाले. त्यांनी टेबलावरची पेन्सिल तिच्यापुढे सरकवली आणि खुर्ची फिरवून पाठ केली. ती काय करते ते त्यांना पाहायचं नव्हतं. प्रेमिलाने तिथेच, त्यांच्या टेबलाच्या कडेला, दोन्ही पानांवर आकडे घातले. बेचाळीसमधला दोन नीट आला नाही. तो तिने खोडून पुन्हा काढला.

शुक्रवार, शनिवार ती घरात गप्प होती. आईने दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे का. आईचा हात कपाळावर आला तेव्हा प्रेमिलाने मान मागे घेतली आणि आईच्या ते लक्षात आलं.

रविवारी सकाळी धोंडबा पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला गेले. बायजाबाईने अंगणात बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरलं होतं आणि गव्हाच्या गरम चिकाच्या कुरडया घालत होती. प्रेमिला पातेलं धरून बसली होती. आता बोललं नाही तर पुन्हा बोलता येणार नाही, असं तिला वाटलं.

"माय, चव्वेचाळीसचा तुहा जबाब वाचला मी. ठाण्यातला. तुहा अंगठा पाहिला."

सोऱ्याचा दांडा थांबला नाही. बायजाबाईने हातातली कुरडई पूर्ण केली, शेजारी दुसरी घातली. चीक थंड झाला की कुरडई पडत नाही.

"ठेवला वाटते त्याइनं कागद," ती म्हणाली. "मले वाटे, इंग्रज गेला तं आपले कागदही घेऊन गेला असन."

"काहून केलं, माय?"

"पोलीस लाइनीत गोवऱ्या देत जाओ मी. तिथं एका हवालदाराची बायको चांगली होती. ते म्हणे, बायजा, उद्या तुह्या माणसाले घरी ठेव, काडतुसं वाटून राहिले. घरी ठेव म्हणे. तुहे बाबा घरी राहणारे हायेत का?" तिने सोऱ्यात चीक भरला. "तुहा मोठा भाऊ सात महिन्याचा होता. त्याले खाकेवर घेतलं अन् गेली ठाण्यात. तुरुंगातून माणूस वापस येते. मसनातून नाही येत."

प्रेमिलाने तीन दिवस यावर विचार केला होता आणि इथपर्यंत ती स्वतःच पोचली होती. तिला रागही धड येत नव्हता. तिने दुसरा प्रश्न विचारला.

"अन् नत्थूकाका? त्याइले काहून नाही सांगतलं?"

आता दांडा थांबला.

"गेलती ना," बायजाबाई म्हणाली. "तुह्या बाबाले धरेपर्यंत ठाण्यातच बसवून ठेवलं मले. तिथून निंघाली ते सरळ इंदूच्याच घरी गेलती."

प्रेमिलाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"म्हटलं, एवढं तं सांगा लागते. दारात गेली तं अंदर दहा-बारा जण बसून राहिले होते. तुह्या बाबाले धरल्याची खबर माह्याही अगोदर पोचली होती. कोन फितूर झाला, हेच चालू होतं. नत्थूभाऊजी म्हणे, सापडला तं जीभ उपटीन त्याची. इंदू चुलीपाशी होती, रविंद्र पोटात होता तिच्या. मले पाहून इंदूच म्हणे, बाई, रडू नको, सोडतीन त्याले, बस जराशी." बायजाबाईने सोऱ्या बाजेवर ठेवला. "गोळी चालणार हाये म्हणून सांगतलं असतं, तं तुले कोनं सांगतलं म्हणून विचारलं असतं. मंग सारंच निंघालं असतं. मी पाणी मागतलं. तिनं देल्लं. मी पेली अन् घरी आली."

अंगणात ऊन चढत होतं. शेजारच्या घरात रेडिओ लागला होता. प्रेमिलाच्या हातातलं पातेलं कलंडलं आणि चीक मातीत सांडला, तरी दोघींपैकी कोणी उठलं नाही. कागदात एवढंच होतं की एका बाईने आपला नवरा वाचवला. हे कुठल्याच कागदात नव्हतं.

"रविंद्र कधी येते वाचाले?" बायजाबाईने विचारलं.

"उद्या. साडेअकराले."

"त्याले कागदातून नको समजू देऊ. मंग आजच सांगा लागते."

धोंडबा अकराच्या सुमाराला आले. बायजाबाईने त्यांना पाणी दिलं, ते पिऊन होईपर्यंत थांबली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. चार-पाच वाक्यांत. आवाज चढला नाही, कापला नाही. धोंडबा हसले.

"सकाऊनच कायची मस्करी करून राहिली वं?"

कोणी हसलं नाही तेव्हा त्यांनी मुलीकडे पाहिलं. "कागदावर हाये?"

"हाये, बाबा."

ते ओट्यावर बसले. "अजून काय लिवलं हाये?"

"बक्षीस घेतलं नाही. तुमाले मारू नये, एवढं मागतलं. ते कबूल केलं त्याइनं."

धोंडबांनी आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, जणू त्यांवर काही लिहिलेलं असावं. "बाकीच्याइले झोडपून काढलं होतं कोठडीत," ते सावकाश म्हणाले. "मले बोट नाही लावलं. चौतीस वर्षं सांगून राहिलो मी लोकाइले, का धोंडबाले हात लावाची पोलिसाइची हिंमत नव्हती."

मग ते बायकोकडे वळले. "मले विचारलं होतं काय तू? मराचं का जगाचं, मले विचारलं होतं?"

"नाही."

"काहून नाही विचारलं?"

"विचारलं असतं तं तुमी मेले असते," बायजाबाई म्हणाली.

धोंडबा उठले. ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. बायजाबाई दारात गेली तेव्हा न वळता म्हणाले, "इंदूबाईले तू सांग. मी नाही येत. माह्यानं होत नाही."

बायजाबाईने लुगडं बदललं नाही. चिकाच्या हाताने निघाली तशीच. प्रेमिला तिच्या मागे होती. दोन गल्ल्यांची वाट, पण रविवार होता, जो तो थांबवून बोलायचा. कुरडया झाल्या का, यंदा ऊन लवकर तापलं. बायजाबाई प्रत्येकाला उत्तर देत होती. प्रेमिलाला ते पाहवेना.

रविंद्र ओसरीत परीक्षेचे पेपर तपासत होता. इंदूबाई सुपात तूर पाखडत होती. "ये वं, बायजा," ती म्हणाली. "बस."

"बसत नाही. आधी आयक."

बायजाबाईने पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी सुरुवात ठाण्यापासून केली नाही, इंदूबाईच्या दारापासून केली. त्या संध्याकाळी मी आलती ना, तेव्हा मले माहीत होतं, असं म्हणाली आणि मग मागे गेली. रविंद्रचा लाल पेन एका पेपरावर टेकला होता तो तिथेच राहिला, शाईचा डाग पसरत गेला. त्याने एकदा प्रेमिलाकडे पाहिलं. तिने मान हलवली. हो.

इंदूबाईचं सूप मांडीवर होतं. ती त्यातली तूर एका बाजूला गोळा करत होती, पुन्हा पसरत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही दिसत नव्हतं. दूरचं काही आठवताना माणूस डोळे बारीक करतो, तशी ती पाहत होती.

"तू पाणी मागतलं होतं," ती म्हणाली.

"व्हय."

"मी बस म्हटलं, तं बसली नाही."

"व्हय."

"मले एकटीले बाहेर बलावलं असतं. चुलीपासून उठता येत होतं मले."

बायजाबाईने हातावरचा वाळलेला चीक नखाने खरवडला.

"मले सांगतलं असतं ना बायजा," इंदूबाई म्हणाली, "तं मीही गेली असती ठाण्यात. तुह्या मागंमागं. मीही देल्ला असता अंगठा."

सकाळपासून जी बाई रडली नव्हती, ती तिथे अंगणात खाली बसली. तोंडातून आवाज आला तो रडण्याचाही नव्हता. प्रेमिलाने तिला धरलं. इंदूबाई जागची हलली नाही. तिने तूर पाखडायला घेतली, दोन झटके दिले, थांबली. मग म्हणाली, "रविंद्र, मोठ्या मायले घरी सोडून दे."

रविंद्रने पेनाला टोपण लावलं. मग उठला, चपला घातल्या आणि त्यांच्या दोन पावलं पुढे, मागे न पाहता, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालत आला. तिथून परतला.

सोमवारी प्रेमिलाने रजा घेतली नाही. साडेअकराला रविंद्र वाचनकक्षात आला. वामनरावांनी रुमाल स्वतः नेऊन त्याच्यापुढे ठेवला, वहीत सही घेतली आणि आपल्या खोलीत न जाता कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिले. रविंद्र पहिल्या पानापासून वाचत, टिपणं काढत गेला. एकेचाळिसाव्या पानावर त्याने लिहिणं थांबवलं. तासभर ते पान त्याच्यापुढे उघडं होतं. चार वाजता त्याने रुमाल बांधला आणि प्रेमिलाच्या टेबलापाशी आला.

"हे काढून घेतलं असतंस तर मला कधी कळलं असतं का?"

"नाही."

"आणि ती पाण्याची गोष्ट?"

"तीही नाही."

"मला काय वाटतंय ते मला सांगता येत नाही," तो म्हणाला. "मी तिचं दूध प्यायलो आहे, प्रेमिला. कशासाठी पाजलं तिने मला?"

"मला नाही माहीत, दादा," प्रेमिला म्हणाली. आणि खरंच तिला माहीत नव्हतं.

धोंडबा बारा दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत. मग एका सकाळी चहा मागितला आणि बोलणं हळूहळू, घरच्या कामापुरतं, सुरू झालं. पुढच्या फेब्रुवारीत सभेला गेले, पण बोलायला उभे राहिले नाहीत. घसा बसला म्हणून सांगितलं. इंदूबाई आणि बायजाबाई नळावर भेटल्या की एकमेकींची बादली पुढे सरकवत. त्याहून जास्त काही झालं नाही, कमीही नाही. प्रेमिलाच्या मनात आई कधी खुनी व्हायची, कधी फक्त चोवीस वर्षांची एक पोर. दोन्हींतलं एक ठरवावं म्हणून तिने बरीच धडपड केली. ते ठरलं नाही.

ऐंशी सालच्या दिवाळीनंतर रविंद्र टाइप केलेली पानं घेऊन घरी आला. अडीच वर्षांत पहिल्यांदा. छापायला जाण्याआधी तो भाग मोठ्या मायला वाचून दाखवायचा, असं त्याने ठरवलं होतं. बायजाबाईला वाचता येत नव्हतं. ती उंबऱ्यापाशी बसली, प्रेमिला तिच्याजवळ. धोंडबा आतल्या खोलीत होते, पण त्यांनी दार लोटलं नाही.

रविंद्रने सरळ आवाजात वाचलं. संप, मोर्चाची तयारी, ठाणं, जबाब जसाच्या तसा. नाव त्याने लपवलं नव्हतं. तिच्याबद्दल चांगला वा वाईट एक शब्दही आपल्या पदरचा घातला नव्हता. शेवटी होतं, 'त्याच संध्याकाळी त्या नत्थूजींच्या घरी गेल्या होत्या, परंतु त्या त्यांना सांगू शकल्या नाहीत.'

"थांब," बायजाबाई म्हणाली. "ते वापस वाच."

त्याने पुन्हा वाचलं.

"'सांगू शकली नाही' असं नको लिवू, बाबू. कोनं हात नव्हता धरला माहा. 'सांगतलं नाही' असं लिव."

रविंद्रने खिशातून पेन काढला. गुडघ्यावर कागद धरून त्याने ते शब्द खोडले, वर नवे लिहिले आणि ते वाक्य तिला पुन्हा वाचून दाखवलं.

"आता बरोबर हाये," बायजाबाई म्हणाली. "पुढचं वाच."